सासरची वाटी

५ जानेवारी

चि. ठिणगी हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पार्सल फोडण्याआधी हे पत्र वाच. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू नुसती हूं हूं करतेस आणि मागे तुझी ती सोनारकामाची ज्योत सूं सूं करत असते. अर्धं लक्ष माझ्याकडे, अर्धं सोन्याकडे. पत्र वाचायला निदान दोन्ही हात रिकामे करावे लागतात.

डबीत माझं मंगळसूत्र आहे. तुझे आतोबा गेल्यापासून चौदा वर्षं कपाटात पडून होतं. ते मोडून टाक आणि त्या सोन्याचं तुला सुचेल ते कर. मला परत पाठवू नकोस. का, ते विचारू नकोस.

बाकी ठीक. घरातलं सामान कमी करतेय. पलंग शेजारच्या शिंपीणबाईंना दिला, मोठी पातेली शाळेच्या स्वयंपाकघराला दिली. डॉक्टरांकडून सगळ्या तपासण्या करून घेतल्या. वकिलांकडेही एक चक्कर झाली. साठी उलटल्यावर माणसाने कागद नीट लावून ठेवावेत.

गाडी शिकवणं चालू आहे. सध्या सहा शिकाऊ आहेत. पाच जण विशीतले आणि सहावे सदुसष्ट वर्षांचे, घड्याळं दुरुस्त करतात. चढावर गाडी बंद पडली की गाडीचीच माफी मागतात.

जावयांना आशीर्वाद. डबी मिळाल्याचं कळव.

तुझी,
आत्या

१३ जानेवारी

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

दोन्ही हात रिकामे करून पत्र वाचलं.

मी मोडणार नाही. आधीच सांगते. डबी उघडून मंगळसूत्र समोर ठेवलं आणि दुपारपर्यंत दुसरं काम सुचलं नाही. एक वाटी कडेला चेपलेली आहे. मी दीड वर्षाची असताना तुझ्या कडेवर बसून ती चावली होती, असं तूच सांगायचीस. आणि मीच ती आता मुशीत टाकून वितळवू?

आत्या, दिवसभर मी दुसरं काय करते? बायकांची मंगळसूत्रं गाठवते. एकीला ते इतकं आखूड हवं असतं की शर्टाच्या कॉलरखाली लपावं. एकीला बेंबीपर्यंत हवं असतं, वन्संचं तेवढं आहे म्हणून. गेल्या महिन्यात ऐंशीच्या एक आजी आल्या होत्या. म्हणाल्या, "वाट्या जरा जड कर गं. हलकं लागलं की झोपेत दचकून चाचपते." आणि माझं स्वतःचं खिळ्याला टांगलेलं असतं, कारण ज्योतीपुढे गळ्यात काही लोंबलेलं चालत नाही. गिऱ्हाईकं विचारतात, "सोनारीणबाई, तुमचं कुठाय?" मी खिळ्याकडे बोट दाखवते. कुणी हसतं, कुणी नाक मुरडतं. तेव्हा या दागिन्याचा अर्थ काय, हे मला विचारशील तर मी गप्प बसेन. पण बाई आपणहून तो मोडायला देते तेव्हा काहीतरी झालेलं असतं, एवढं मला कळतं.

पलंग दिलास. पातेली दिलीस. तपासण्या, वकील आणि आता हे. काय झालंय तुला? कोणता आजार आहे? माझ्यापासून लपवू नकोस. आई-बाबा गेल्यावर मला माहेर म्हणून तू एकटी उरलीस. पुढच्या आठवड्यात मी येते.

तुझी,
ठिणगी

२० जानेवारी

ठिणगे, अगं वेडाबाई!

मी मरायला नाही, लग्न करायला निघालेय.

झालं लिहून. हे एक वाक्य लिहायला तीन कागद फाडले. आता तू पाणी पी आणि पुढचं वाच.

घड्याळवाले. होय, तेच, चढावर माफी मागणारे. चार महिने माझ्या शेजारी बसून क्लच दाबतायत. बायको जाऊन सहा वर्षं झाली. एक दिवस मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. म्हणाले, "बाई, एक विचारू का?" ते आता गाडी वळवायला परवानगी मागणार, असं वाटून मी म्हटलं, "आधी आरशात बघितलंत का?" ते म्हणाले, "रोज बघतो. वय झालंय, ठाऊक आहे. तरी विचारतो." सिग्नल हिरवा झाला, मागचे लोक कोकलायला लागले आणि मी शिकवणारी बाई, मलाच पहिला गिअर सापडेना.

तपासण्या त्यासाठी. या वयात आपण काय माल देतोय, ते समोरच्याला सांगितलेलं बरं. दोघांचीही साखर जरा वर आहे, म्हणजे इथेही गुण जुळले. वकिलांकडे गेले ते नोंदणी लग्नाच्या कागदांचं विचारायला. सामान दिलं, कारण मी त्यांच्या घरी राहायला जाणार. आणि आता एक व्याकरणाचा घोळ झालाय. मी "हे" म्हटलं की कोण समजायचं? चौदा वर्षं "हे" म्हणजे तुझे आतोबाच. परवा शिंपीणबाईंना म्हणाले, "ह्यांना गोड फार आवडतं," आणि माझं मलाच कळेना की मी कुणाबद्दल बोलले.

आता एक गोष्ट सांगते, ती तुलाही माहीत नाही. तुझे आतोबा गेले तेव्हा जमलेल्या बायकांनी माझ्या हातातल्या बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, कुंकू पुसलं. जोडव्यांपर्यंत त्या पोचायच्या आत मी पाय पोटाशी घेऊन बसले. कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि मग मी गाडी शिकवायला लागले, तेव्हा पायात बूट आले. बुटाच्या आत कोण बघतंय? चौदा वर्षं जोडवी पायातच होती, ठिणगे. क्लच दाबला की डावं जोडवं टोचायचं. बरं वाटायचं.

घड्याळवाल्यांना हो म्हटलं, त्या दिवशी ती मी स्वतः काढली. गाडीतच बसून. कुणी काढायला लावली नाहीत, कुणी ओढली नाहीत. थोडं रडले, मग बोटं हलवून बघितली.

मंगळसूत्राचं मात्र कळेना. एका घरात दोन कशी नांदतील, म्हणून मोडायला पाठवलं.

आता वाईट बातमी. त्यांची एकुलती एक मुलगी, दातांची डॉक्टर, या लग्नाच्या विरुद्ध आहे. यात चूक तिच्या बाबांची. त्यांनी मला न विचारता तिला फोन करून आईचं मंगळसूत्र मागितलं, नव्या लग्नात घालायला! मला कळलं तेव्हा मी त्यांना भर रस्त्यात गाडीतून उतरवलं. म्हटलं, "ते तिच्या आईचं आहे. ते तिच्याकडेच राहणार. मला त्याला हातही लावायचा नाही." ते ओशाळले. पण ओशाळलेला पुरुष फोन करून चूक सांगतो का? नाही. मुलगी समजून बसली आहे की तिच्या आईच्या गळ्यातलं मीच मागितलं.

ती तुझ्याच शहरात असते. तू तिच्याकडे मुळीच जाऊ नकोस. वाचनालयाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर तिचा दवाखाना आहे. चुकूनही जाऊ नकोस.

तुझी,
(नवरी) आत्या

४ फेब्रुवारी

ती. आत्या,

तुझी आज्ञा शिरसावंद्य मानून दुसऱ्याच दिवशी गेले.

आधी तुझं अभिनंदन! पत्र वाचून मी दुकानात एवढ्याने ओरडले की समोरचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. तुझे जावई म्हणतात, आत्यासाहेबांच्या लग्नात आपण वऱ्हाडी की यजमान, तेवढं कळवा.

तर दवाखाना. सरळ जाऊन "मी त्या बाईची भाची" म्हणायचं धैर्य होईना, म्हणून दात दुखतोय असं सांगितलं. डॉक्टरीणबाई उंच, गंभीर, केस घट्ट बांधलेले. मला त्या खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापसाचे बोळे कोंबले, एक नळी अडकवली. तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, मी कामात आहे. नाही. मी येणार नाही म्हटलं ना." फोन ठेवला आणि आरसा माझ्या तोंडात घालून माझ्याशीच बोलायला लागल्या.

"वडील लग्न करतायत. सदुसष्टाव्या वर्षी. गाडी शिकवणाऱ्या बाईशी."

मी म्हटलं, "आँ."

"तेच ना! आणि त्या बाईला म्हणे माझ्या आईचं मंगळसूत्र हवंय."

मी जिवाच्या आकांताने म्हटलं, "आँ आँ आँ!"

"बघा, तुम्ही परक्या असून तुम्हालाही राग आला."

आत्या, अशी पंचाईत वैऱ्यावर येऊ नये. शेवटी मी स्वतःच बोळे उपसून काढले आणि उठून बसले. "ती बाई माझी आत्या आहे. आणि तिने काहीही मागितलेलं नाही."

त्या हातात आरसा धरून तशाच उभ्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दात दुखत नव्हता?"

"नाही."

"दुखेल. मागच्या दाढेला कीड आहे."

मी पर्समधून तुझं पत्र काढून दिलं. हो, दिलं. जोडव्यांसकट सगळं. रागाव मला. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. बाबांना गाडीतून उतरवलंस, त्या ओळीला त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, बाकी चेहरा तसाच. मग म्हणाल्या, "आई गेली तेव्हा काकूने तिच्या गळ्यातलं काढून माझ्या मुठीत दिलं. ते अजून गरम होतं. बाबांनी मागितलं ना, तेव्हा वाटलं, आईला पुन्हा एकदा घरातून नेतायत."

मी उपसून काढलेले बोळे गोळा करून टोपलीत टाकले.

दारापर्यंत सोडायला आल्या. "आत्याला सांगा, गैरसमज होता तो गेला. पण मी लग्नाला येते असं मी म्हटलेलं नाही." दाढ भरायला पुढच्या आठवड्यात बोलावलंय.

आता तुझ्या मंगळसूत्राचं काय करू? खरं सांग.

तुझी,
ठिणगी

१२ फेब्रुवारी

चि. ठिणगी,

रागावले. दोन दिवस रागावले. माझ्या पायातली गोष्ट तू एका परक्या मुलीच्या हातात दिलीस. तिसऱ्या दिवशी वाटलं, परकी कशी? मग राग संपला.

मंगळसूत्र मोडू नकोस. मोडायला पाठवलं हीच माझी चूक. नवीन घरी जाताना जुनं काही दिसू नये म्हणून धडपडत होते, जणू आतोबांशी वीस वर्षं संसार केला हा काही गुन्हा आहे. घड्याळवाल्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या कपाटातला डावा कप्पा तुमचा. उजव्यात तिचा चष्मा आहे, तो मी हलवणार नाही. तुम्हीही काही हलवू नका." त्या क्षणी मला हा माणूस खरा आवडला, ठिणगे. आधी नुसता बरा वाटत होता. तेव्हा नवा दोरा घालून दे आणि परत पाठव. चेप काढू नकोस.

पण लग्न मी पुढे ढकललं आहे. त्यांना तसं सांगितलं. ते तोंड पाडून बसलेत, बसू देत. अगं, मंगळसूत्राला वाट्या दोन लागतात, एक माहेरची आणि एक सासरची. मुलगी कुणी एकट्याने देत नाही आणि कुणी एकट्याने घेत नाही, असंच ना त्यात? मोठ्या बायका तर यातलं काय काय सांगतात, पण मला एवढंच पटतं. माहेर म्हणजे तू. आणि सासर? त्यांचे आई-वडील केव्हाच गेले, भाऊ-बहीण कुणी नाही. सासर म्हणजे ती एकटी मुलगी. सासरच नको म्हणत असेल तर मी कुणाच्या घरी जाऊ? तिच्या आईने सजवलेल्या घरात मी तिच्या मनाविरुद्ध पाऊल टाकणार नाही. आम्ही दोघं आहोत तसे राहू. रोज तासभर गाडीत भेटतोच. तेही काही कमी नाही.

तू तिला यातलं काही सांगू नकोस. या वेळी खरंच नको. दाढ भर आणि गप्प घरी ये.

तुझी,
आत्या

११ मार्च

ती. आत्या,

या वेळी मी खरंच काही सांगितलं नाही. शपथ! दाढ भरली, दोनदा गेले, दोनदा तोंड उघडलं ते फक्त दातासाठी. त्यांनीही काही विचारलं नाही. पण एकदा तपासता तपासता म्हणाल्या, "बाबा हल्ली फोनवर गप्प असतात. मधले काही महिने बोलायचे, हसायचे. मागे कुणीतरी हसलेलंही ऐकू यायचं." मी गप्प. जीभ चावून गप्प.

काल दुपारी त्या दुकानात आल्या. मी वितळलेलं सोनं ओतत होते, त्यांना बसा म्हटलं. त्या उभ्याच राहिल्या आणि खिळ्यावरच्या माझ्या मंगळसूत्राकडे बघत म्हणाल्या, "लग्न पुढे का ढकललं, ते बाबांनी सांगितलं. सासरची वाटी म्हणजे काय, तेही." मग खिशातून कापसात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

आत्या, दाताची सोन्याची टोपी होती! खरीखुरी. दाढेची.

मी बघतच राहिले. त्या एकदम लालबुंद झाल्या. "कुणाच्या तोंडातली नाही हं! शिकत असताना मी बनवलेली पहिली टोपी. मापात चुकली म्हणून वापरता आली नाही. सरांनी मला ठेवायला दिली. आईला दाखवली तेव्हा ती म्हणाली होती, जपून ठेव, तुझ्या हातचं पहिलं सोनं आहे." मग म्हणाल्या, "आईचं मी देणार नाही. पण हे माझं आहे. हे देते."

मी सोनारीण म्हणून खरं ते सांगितलं. हे दागिन्याचं सोनं नव्हे, यात दुसरे धातू आहेत. वाटी फिकी दिसेल, जोडीच्या वाटीशी रंग जुळणार नाही आणि घडवायला चिवट जाईल.

त्या म्हणाल्या, "चावायला बनवलंय ते. टिकेल."

मग आम्ही दोघी जे हसलो! शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

माहेरची वाटी मी बाबांच्या अंगठीतून घडवली. तुझ्या भावाची अंगठी, त्यापेक्षा सख्खं माहेर कुठलं आणू? ती झटकन वितळली, बाबांसारखीच. टोपी मात्र हट्टी. ज्योत वाढवली, पुन्हा वाढवली, तरी बया तशीच. डॉक्टरीणबाई बाजूला उभ्या राहून "थोडी डावीकडून द्या" वगैरे सांगत होत्या. शेवटी वितळली. काळे मणी त्यांनीच ओवले. दातांत काम करणारे हात, एक मणी खाली पडला नाही.

जाताना म्हणाल्या, "मी येते लग्नाला. पण त्यांना आई म्हणणार नाही. ते आधीच सांगून ठेवा."

सांगितलं. आता तारीख कळव. तुझं जुनं मंगळसूत्र नव्या दोऱ्यात गाठवून यासोबत पाठवतेय. नवं मी स्वतः घेऊन येईन, पोस्टावर माझा विश्वास नाही.

तुझी,
ठिणगी

६ एप्रिल

चि. ठिणगी हिस अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे काल निघालात आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. जावईबापूंचा टॉवेल इथेच राहिलाय. मी पाठवणार नाही, घ्यायला या.

तू परवा नोंदणी कचेरीत माझ्या समोर उभी राहून फोटो काढत होतीस, म्हणून तुला मागची बाजू दिसली नाही. तीच सांगायला बसले आहे.

मंगळसूत्र घालायची वेळ आली आणि यांच्या हाताला कंप सुटला. आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने उचलणारा माणूस, त्याला माझ्या मानेमागचा हूक सापडेना. टेबलामागचा कारकून म्हणाला, "आजोबा, पुढची जोडी खोळंबलीय." तेव्हा यांनी काय केलं? खिशातून घड्याळं बघायचं ते भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं! तुला वाटलं ना, सगळे का हसतायत? त्यावर हसत होते. तरी हूक काही लागेना. मग मागून दुसरे दोन हात आले. गार, स्वच्छ साबणाचा वास असलेले. "बाबा, तुम्ही धरा. मी लावते." एका क्षणात लागला. आणि मग ते हात लगेच निघाले नाहीत, ठिणगे. माझ्या मानेवर तसेच थोडा वेळ राहिले. हूक नीट बसलाय का, हे ती बघत असेल. बघू दे बापडी. मीही हलले नाही.

संध्याकाळी चहा घेताना तिने विचारलं, "मग हाक काय मारू?" मी म्हटलं, "शिकाऊ लोक मला बाई म्हणतात." ती म्हणाली, "मग मलाही शिकवा. गाडी मला येत नाही." तेव्हा ठरलं, दर महिन्याला दोन दिवस येणार, शिकणार आणि मला बाई म्हणणार. तिच्या आईच्या फोटोखाली बसूनच ठरलं.

वाट्यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. एक पिवळीधमक, एक फिकी. शिंपीणबाई म्हणाल्या, "सोनाराने फसवलं वाटतं." मी म्हटलं, "सोनार माझी भाची आहे आणि ही वाटी चावायची आहे." त्यांना काही कळलं नाही. मीही समजावत बसले नाही.

आज सकाळी नेहमीसारखी कामावर गेले. नवीन मुलगी आहे शिकायला, बावीस वर्षांची, हातात हिरवा चुडा, लग्न होऊन महिना झालेला. अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं माझ्या गळ्यावर. शेवटी न राहवून विचारलंच तिने, "बाई, किती वर्षं झाली हो तुमच्या लग्नाला?"

मी म्हटलं, "परवाच झालं."

तिने स्टिअरिंग सोडून दोन्ही हात तोंडावर नेले. गाडी मी सावरली. "खरंच?" म्हणाली. "खरंच," म्हटलं. मग तिने स्टिअरिंग पुन्हा धरलं आणि भर रस्त्यात हॉर्न दाबून धरला. सोडेचना. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघायला लागले. विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्या शिकाऊला मी तिथल्या तिथे खाली उतरवते, पण तिला चौक येईपर्यंत वाजवू दिला.

तुझी,
आत्या